वाचनालयाचं संकेतस्थळ: न लागणाऱ्या स्टाइल्सच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाचं काम आजपासून सुरू. नवं बांधायचं नाही, आहे तेच धड करायचं आहे. मुदत २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. गेल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतरचा हा पहिला गौरव दिन, म्हणून त्या दिवशी सभागृहात पडद्यावर संकेतस्थळ दाखवायचं असं कार्यकारिणीनं ठरवून टाकलंय. माझ्यासोबत ऐरोलीहून येणारा एक इंटर्न आहे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा.

ग्रंथपाल मॅडमनी वहीचं एक पान भरून तक्रारी लिहून ठेवल्यात. तशाच उतरवते. नवीन पुस्तकांची पट्टी हिरवी करायला सांगितली होती, निळीच आहे. फोनवर अक्षरं बारीक दिसतात. कादंबऱ्यांच्या विभागाला रंग येत नाही, बाकी सगळ्यांना येतो. मथळ्यांची वरची रेघ तुटते. ठाण्याच्या इतिहासाच्या पानावर साल वर चिकटून राहायला हवं, राहत नाही. ‘सभासद व्हा’ हे बटण मेन्यूखाली जातं. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: ‘तुमच्या संगणकावर बदलतं, माझ्या संगणकावर काहीच बदलत नाही.’

वरवर बघितलं तर सगळ्या तक्रारी एकच आहेत, सीएसएस (पानाचे रंग, आकार, मांडणी ठरवणारे नियम) लिहिलंय पण लागत नाही. स्टाइलशीट, म्हणजे या नियमांची फाइल, उघडली. हजारो ओळी आणि जागोजागी इम्पॉर्टंट, म्हणजे ‘हीच ओळ वरचढ धर’ अशी खूण. एकाचा नियम लागला नाही म्हणून त्यानं इम्पॉर्टंट लावला, त्याच्यावर कुरघोडी करायला पुढच्यानं आणखी एक. वर्षानुवर्षं हेच साचत गेलंय. कशामुळे लागत नव्हतं ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

इंटर्नला दोन गोष्टी सांगितल्या. या कामात नवा इम्पॉर्टंट घालायचा नाही. आणि ब्राउझरमध्ये कारण डोळ्यांना दिसल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही. कारण दिसलं की आधी इथे नोंद, मग दुरुस्ती.

४ फेब्रुवारी

पहिला प्रश्न सगळ्यात साधा: फाइल पोचते का?

नव्या रंगांची एक वेगळी स्टाइलशीट आधीच्या माणसानं करून ठेवली होती. इंटर्नच्या लॅपटॉपवर ती लागते, सर्व्हरवर लागत नाही. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (पान आतून तपासायच्या साधनांत) नेटवर्कचा टॅब उघडला तर फाइलसमोर २००, म्हणजे सगळं आलबेल. इंटर्न म्हणाला, ‘ताई, फाइल तर येतेय.’ त्याला प्रकाराचा रकाना बघायला सांगितलं. तिथे सीएसएस नाही, एचटीएमएल लिहिलेलं. उत्तर उघडून बघितलं तर सीएसएसच्या नावाखाली ‘पान सापडले नाही’ हे पान आलेलं.

झालंय असं. डिस्कवर फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे, पानातल्या लिंकमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखीच, सर्व्हरवरच्या लिनक्सला ती दोन वेगळी नावं. त्यात सर्व्हरची मांडणी अशी की न सापडलेल्या फाइललाही तो ४०४ (सापडलं नाही) न देता २०० देतो आणि ‘पान सापडले नाही’चं पान पाठवतो. डॉकटाइप (सुरुवातीला पानाचा प्रकार सांगणारी ओळ) असलेल्या पानात ब्राउझर सीएसएस असं न म्हणवणारी स्टाइलशीट घेतच नाही, टाकून देतो. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका नोंदवतो त्या खिडकीत) तसं लाल अक्षरांत लिहूनही येतं, पण कन्सोल कुणी उघडलेला नव्हता.

सगळ्या फाइलींची नावं स्मॉल अक्षरांत केली. न सापडलेल्या फाइलला ४०४ च जाईल असं सर्व्हरवर लावलं. जाता जाता आणखी एक सापडलं: फॉन्टची लिंक अजून एचटीटीपीनं जात होती. पान एचटीटीपीएसवर असलं की ब्राउझर अशी स्टाइलशीट अडवतो. तीही बदलली.

५ फेब्रुवारी

मॅडमच्या संगणकाचं कोडं सुटलं. वाचनालयात जाऊन त्यांच्याच टेबलावर नेटवर्कचा टॅब उघडला. स्टाइलशीटसमोर आकाराच्या जागी ‘डिस्क कॅश’. म्हणजे ब्राउझर सर्व्हरला विचारतच नाही, जवळची जुनी फाइल वापरतो. हेडरमध्ये (फाइलसोबत येणाऱ्या सूचनांत) मॅक्स-एज ३१५३६०००. सेकंद आहेत ते, बरोबर एक वर्ष. एकदा उतरलेली फाइल वर्षभर न विचारता वापर, असं आपल्याच सर्व्हरनं सांगून ठेवलंय.

कंट्रोल-शिफ्ट-आर दाबल्यावर नवे रंग आले. मॅडम म्हणाल्या, ‘मग आता सगळ्या सभासदांना हे दाबायला सांगू का मी?’ रास्त प्रश्न आहे. वाचकानं कळा दाबून आपली अडचण सोडवावी ही अपेक्षाच चुकीची.

वर्षाची मुदत तशी वाईट नाही, परत येणाऱ्याला पान पटकन उघडतं. फक्त फाइल बदलली की तिचं नावही बदललं पाहिजे. आता बिल्ड करताना, म्हणजे सर्व्हरवर चढवायच्या फाइली तयार करताना, फाइलच्या मजकुरावरून निघालेला छोटा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा सांकेतिक ठसा) नावाला जोडला जातो. एचटीएमएलला मात्र लांबची मुदत देऊन चालत नाही, कारण नवं नाव त्यातूनच कळतं. त्याला नो-कॅश लावलं, म्हणजे ब्राउझरनं प्रत जवळ ठेवली तरी वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारावं लागेल.

इंटर्नसाठी: डेव्हटूल्समधली ‘डिसेबल कॅश’ची टिक डेव्हटूल्स उघडी असेपर्यंतच चालते. ती बंद करून पान बघितलं की परत जुन्या प्रतीवर.

६ फेब्रुवारी

फोनवरची बारीक अक्षरं. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत मांड असं सांगणारी ओळ, नव्हता. तो नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आकसून दाखवतो. त्यामुळे अरुंद पडद्यांसाठी लिहिलेला एकही नियम जागा होत नव्हता. एक ओळ घातली, काम झालं. एका मीडिया क्वेरीत (पडद्यानुसार नियम लावणाऱ्या अटीत) ‘अँड’ आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडलेली नव्हती. तेवढ्यानं ब्राउझरला ते फंक्शन वाटतं आणि अख्खी क्वेरी बाद होते. तीही नीट केली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिरवी पट्टी. हिच्यावर दिवस गेला, पण जायलाच हवा होता.

इंटर्न सकाळपासून तिच्यामागे होता. ‘दोन-दोन क्लास लावलेत ताई, फाइलच्या अगदी तळाशीही नेऊन ठेवला, तरी निळीच.’ म्हटलं, आधी इन्स्पेक्ट कर (घटकाला लागणाऱ्या नियमांची यादी त्यात दिसते) आणि तुझा नियम कुठे आहे ते सांग. इथे तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. नियम यादीत दिसतच नसेल तर सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग, त्या घटकाला जुळलेला नाही, किंवा फाइलच आलेली नाही. नियम आहे पण प्रॉपर्टीशेजारी (रंग, रुंदी अशा गुणधर्माशेजारी) पिवळा त्रिकोण असेल तर ब्राउझरला ती ओळ कळलेलीच नाही. नुसती काट मारलेली असेल तर ओळ कळली, जुळली, आणि दुसऱ्या कुणापुढे हरली. हे तीन आजार वेगळे आहेत आणि इम्पॉर्टंटचा उतारा चालला तर फक्त तिसऱ्यावर चालतो. पहिल्या दोन्हींवर तो लावून काही होत नाही, फाइल तेवढी घाण होते. या फाइलीत असे कितीतरी निरुपयोगी इम्पॉर्टंट पडून आहेत.

पट्टीच्या नियमावर काट होती. जिंकणारा नियम वर दिसत होता: जुन्या टेम्प्लेटमधला, आयडीचा सिलेक्टर असलेला.

विशिष्टता, म्हणजे सिलेक्टरचं वजन, तीन घरांत मोजतात. पहिल्या घरात आयडी (एकाच घटकाचं नाव), दुसऱ्यात क्लास (अनेकांना देता येणारं नाव), अ‍ॅट्रिब्यूट आणि स्यूडो-क्लास, तिसऱ्यात टॅग आणि स्यूडो-एलिमेंट. तुलना डावीकडून. आयडीचा नियम १,०,० आणि आमचा ०,२,०. पहिल्याच घरात निकाल लागला, दुसरं घर कुणी बघतही नाही. दहा क्लास लावले असते तरी तेच. आणि नियम फाइलच्या तळाशी नेण्याचा उपाय तर सगळ्यात शेवटी उपयोगी पडतो. आधी बघायचं नियम कुणाचा आहे, वाचकाचा, लेखकाचा की ब्राउझरचा, आणि इम्पॉर्टंट आहे का, मग थेट टॅगमध्ये लिहिलेली स्टाइल आहे का, मग लेयर (क्रम ठरवून दिलेले नियमांचे गट), मग विशिष्टता, आणि हे सगळं बरोबरीत सुटलं तरच कोण नंतर लिहिलंय ते.

एचटीएमएलमधली आयडी काढता येत नाही, मेन्यूची स्क्रिप्ट तिच्यावर अवलंबून आहे. म्हणून जुन्या नियमातली आयडी व्हेअर नावाच्या सिलेक्टरमध्ये गुंडाळली. व्हेअरच्या कंसात काहीही असो, त्याचं वजन शून्य धरलं जातं. पट्टी हिरवी झाली.

संध्याकाळी लेयरचा विचार केला. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत लेयर चालतात. अख्खी जुनी स्टाइलशीट एका लेयरमध्ये टाकली की लेयरबाहेरचे आमचे नियम विशिष्टता न बघता जिंकतील. आयड्या गुंडाळत बसायला नको. पण एक मेख आहे. इम्पॉर्टंट असलेल्या ओळींसाठी लेयरचा क्रम उलटा होतो: तिथे लेयरमधली ओळ लेयरबाहेरच्या ओळीला हरवते. म्हणजे जुने इम्पॉर्टंट तसेच ठेवून फाइल लेयरमध्ये ढकलली तर ते आणखी घट्ट बसतील. आधी ते काढायचे, मग लेयर.

हा उलटा क्रम मला विचित्र वाटत नाही. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मधली. तिच्यात वाचकाला स्वतःची स्टाइलशीट लावायची सोय होती आणि इम्पॉर्टंट दोघांकडेही होता, पण दोघांनी वापरला तर पान लिहिणारा जिंकायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे फिरवलं: वाचकाचा इम्पॉर्टंट सर्वांत वर. ज्याला कमी दिसतं, ज्याला गडद पार्श्वभूमीच लागते, त्याच्या हातात शेवटचा शब्द असावा म्हणून. लेयरचा उलटा क्रमही त्याच विचाराचा आहे, आतल्याला आपली गरजेची गोष्ट राखता यावी. वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांत निम्मे सत्तरीच्या पुढचे असतात. त्यांच्यासाठी असलेलं हत्यार आपण पट्टी निळी ठेवायला वापरतोय.

१० फेब्रुवारी, सोमवार

कादंबऱ्या. या कामातली सगळ्यात चकवणारी गोष्ट हीच असेल.

मुखपृष्ठावर विभागांच्या चौकटी आहेत: कवितासंग्रह, चरित्रे, नाटके, प्रवासवर्णने, बालसाहित्य, कादंबऱ्या. प्रत्येकीला आपला रंग. क्लासचं नाव विभागाच्या नावावरूनच आपोआप तयार होतं, देवनागरीतच. सीएसएसला त्याचं वावडं नाही, देवनागरी अक्षरं सिलेक्टरमध्ये चालतात. बाकी पाच चौकटींना रंग येतो. कादंबऱ्यांची चौकट पांढरी.

इन्स्पेक्ट केलं. नियम यादीतच नाही. म्हणजे जुळलेला नाही. एचटीएमएलमधलं नाव आणि स्टाइलशीटमधलं नाव शेजारी-शेजारी ठेवलं. दोन्हीकडे कादंबऱ्या. इंटर्ननं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, मी वाचलं, मॅडमनी चष्मा लावून वाचलं. शुद्धलेखनाची चूक नाही. फरक काहीच नाही.

पण सिलेक्टर जुळत नाही म्हणजे ब्राउझरला फरक दिसतोय. दोन्ही शब्द कन्सोलमध्ये टाकून लांबी मोजली. स्टाइलशीटमधला ९. एचटीएमएलमधला १०.

मग एकेका वर्णाचा युनिकोड क्रमांक (संगणकासाठी प्रत्येक वर्णाला ठरवून दिलेला) छापून घेतला. स्टाइलशीटमध्ये क, काना, द, अनुस्वार, ब, ऱ, हलन्त, य, काना. हा ऱ म्हणजे ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र वर्ण. एचटीएमएलमध्ये ऱ नाहीच. तिथे साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग य, काना. कादंबऱ्या आणि कादंबर्‍या. दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत आणि दोन्हींतून पडद्यावर तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र उमटतो. ब्राउझर मात्र क्लासची नावं वर्णावर वर्ण ठेवून जुळवतो, डोळ्यांना काय दिसतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

हे आलं कुठून तेही मॅडमशी बोलताना कळलं. ग्रंथसूची आधी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती, ती एका रूपांतराच्या प्रोग्रॅममधून काढून घेतली. त्या प्रोग्रॅमनं सगळीकडे र आणि जोडक वापरलाय. स्टाइलशीट लिहिणाऱ्यानं इनस्क्रिप्टवर (भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर) टंकलं असणार, तिथे ऱ ची स्वतंत्र कळ आहे. मॅडम लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे पुस्तक रॅकवर आहे, पण नोंदवहीत दुसऱ्याच नावानं चढलंय.’ अगदी तेच.

युनिकोडचं ठरावीक प्रमाणीकरण लावलं तर हे मिटेल का, असं इंटर्ननं विचारलं. करून बघितलं. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा जोडीचा ऱ त्यातून होतो, पण जोडक असलेलं रूप तसंच राहतं. त्याला आपला वेगळा नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जोडक अशी तिकडी दिसली की ऱ आणि हलन्त करायचं.

तेवढ्यावर थांबले नाही. विभागाचं नाव माणसांसाठी आहे, उद्या मॅडम ‘कादंबऱ्या’चं ‘कादंबरी’ करतील आणि रंग परत जाईल. प्रत्येक विभागाला डेटाबेसमध्ये इंग्रजी अक्षरांतलं एक कायमचं संकेतनाव दिलं, क्लास आता त्यावरून बनतो. चौकट रंगली.

१३ फेब्रुवारी

कार्यकारिणीतल्या एकांनी ओळखीच्या डिझायनरकडून काही सीएसएस घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. चिकटवलं, लागलं नाही. इन्स्पेक्टमध्ये पिवळे त्रिकोण. एका ठिकाणी सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झालेली, वाटेत कुठल्या तरी वर्ड फाइलमधून गेली असणार. दुसऱ्या ठिकाणी ओळीच्या सुरुवातीची जागा साधी नव्हतीच, न तुटणारी जागा होती, १६० क्रमांकाची. दिसायला रिकामी, पण ब्राउझर तिला रिकामी धरत नाही, त्यामुळे पुढच्या प्रॉपर्टीचं नावच बिघडतं. एडिटरमध्ये अदृश्य वर्ण दाखवण्याची सोय चालू करून ठेवली.

इंटर्न वैतागला होता: ‘चूक असेल तर ब्राउझर सांगत का नाही?’ पानावर न बोलणं हे मुद्दाम ठरवलेलं आहे. न कळलेली ओळ सोडून पुढे जायचं, हे १९९६ पासूनच सीएसएसचं वळण आहे. त्याच्याच जोरावर आज लिहिलेली नवी प्रॉपर्टी दहा वर्षं जुन्या ब्राउझरात गेली तर तेवढीच सुटते, बाकी पान उभं राहतं. फक्त काय सोडलं जातं याचा हिशेब सारखा नसतो. मूल्य चुकलं तर ती एक ओळ जाते. स्वल्पविरामांनी जोडलेल्या सिलेक्टरांपैकी एक जरी चुकला तर सगळ्यांचा नियम जातो. आणि महिरपी कंस मिटायचा राहिला तर पुढे काय काय गिळलं जाईल सांगता येत नाही.

१४ फेब्रुवारी

मथळ्यांची तुटकी रेघ. टेम्प्लेट इंग्रजीसाठी केलेलं. मथळ्यांना कॅपिटल अक्षरं आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा. कॅपिटलचा देवनागरीवर परिणाम शून्य. जागेचा होतो: लेटर-स्पेसिंग ०.०५ एम दिलं की अक्षरं एकमेकांपासून सुटतात आणि शिरोरेखेला जागोजाग भेगा पडतात. ‘वाचनालय’ या शब्दाचे वा, च, ना असे सुटे ठोकळे झाल्यासारखे दिसत होते. वर लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांवर आणि मात्रांवर बसलेले.

गंमत म्हणजे यावरचा उपाय फाइलीत आधीपासून होता. कुणीतरी लँग मराठी असा सिलेक्टर लिहून लेटर-स्पेसिंग शून्य आणि लाइन-हाइट १.६ देऊन ठेवली आहे. चांगलं, समजून केलेलं काम. पण पानाच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगवर भाषा इंग्रजी लिहिलेली, त्यामुळे तो नियम कधीच कुणाला जुळला नाही. दोन अक्षरं बदलली, ‘ईएन’चं ‘एमआर’ केलं, आणि सगळे मथळे एकसंध झाले.

त्या दोन अक्षरांनी आणखीही कामं होतात. ज्या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी रूपं भरलेली असतात तिथे ब्राउझर पाकळीचा ल निवडतो, हिंदीचा दंडवाला येत नाही. आणि स्क्रीन रीडरला कळतं की मराठी आवाज लावायचा आहे. मराठी पानावर भाषा मराठी लिहिणं ही शोभेची गोष्ट नाही.

१७ फेब्रुवारी

इतिहासाचं पान. डावीकडे साल, उजवीकडे मजकूर: १७३७, मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७७४ अखेरीस तो इंग्रजांकडे गेला, १८५३, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी, १८९३, मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना, १९८२, महानगरपालिका, २०१४, पालघर वेगळा जिल्हा. खाली सरकताना चालू साल वर चिकटून राहायला हवं.

नियम यादीत आहे, काट नाही, त्रिकोण नाही. कॉम्प्युटेडमध्येही (शेवटी लागू झालेल्या मूल्यांच्या यादीत) पोझिशन स्टिकी, म्हणजे चिकटून राहणारी. म्हणजे ७ तारखेच्या तीन आजारांत हा बसत नाही. ओळ पोचली, कळली, जिंकली आणि तरीही काही करत नाही. अशा वेळी आजूबाजूचे घटक बघायचे. एकेक पालक तपासत वर गेलो. दोन पायऱ्या वर ओव्हरफ्लो-एक्स हिडन, म्हणजे रुंदीबाहेर जाईल ते झाकायचं. एका अक्षावर हिडन दिलं की दुसरा अक्ष आपोआप ऑटो होतो आणि तो डबा सरकणारा डबा बनतो. स्टिकी सगळ्यात जवळच्या सरकणाऱ्या डब्याला धरून चिकटतं. हा डबा स्वतः कधी सरकत नाही, सरकतं ते पान. म्हणून साल चिकटत नाही, पानाबरोबर वर निघून जातं.

हिडन लावला होता तो एका रुंद फोटोमुळे फोनवर पान आडवं सरकायचं म्हणून. फोटोला कमाल रुंदी १०० टक्के दिली, हिडन काढला. साल चिकटलं. जिथे खरोखर कापायचंच असेल तिथे ओव्हरफ्लो क्लिप वापरायचं, त्यानं सरकणारा डबा तयार होत नाही.

या प्रकारच्या आजाराला फायरफॉक्सची डेव्हटूल्स चांगली मदत करतात. लागू झालेली पण निष्फळ ओळ राखाडी दाखवून का ते सांगतात, उदाहरणार्थ इनलाइन घटकाला रुंदी दिली असेल तर.

१८ फेब्रुवारी

‘सभासद व्हा’ बटण. झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) ९९९९९, तरी मेन्यूखाली. बटणाच्या आजोबा-डब्याला ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणारी, फिरवणारी प्रॉपर्टी) आहे, त्यामुळे त्या डब्याची स्वतःची थर-व्यवस्था तयार झाली. आतला आकडा कितीही मोठा असला तरी आतच मोजला जातो, मेन्यूशी स्पर्धा डब्याची होते. ट्रान्सफॉर्म सरकत येण्याच्या शोभेसाठी होता. काढला. आकडा २ केला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. वाचनालय बंद. घरी बसून इम्पॉर्टंट काढत राहिले. एका वेळी एका पानाचे, काढायचे आणि आधीच्या चित्राशी पडताळायचं. बहुतेक काढल्यावर काहीच बदललं नाही. जिथे बदललं तिथे आयडीचा सिलेक्टर निघाला, दर वेळी. शेवटी जुनी फाइल लेयरमध्ये गेली.

२१ फेब्रुवारी

नवीन चूक, नवीन कोडमध्येच. चौकटीची पार्श्वभूमी पारदर्शक. काट नाही, त्रिकोण नाही. रंग व्हेरिएबलमधून येतो, म्हणजे आपण नाव देऊन ठेवलेल्या मूल्यातून (कस्टम प्रॉपर्टीतून). नाव एके ठिकाणी कॅपिटलनं सुरू, दुसरीकडे स्मॉल. साध्या प्रॉपर्टीच्या नावात हा फरक चालतो, कस्टम प्रॉपर्टीत चालत नाही. आधीच्या ओळीत साधा रंगही दिलेला होता, इंटर्नला वाटलं तो तरी लागेल. लागत नाही. वाचताना ब्राउझरला व्हेरिएबलची ओळ बरोबर वाटते, म्हणून तो आधीची टाकून देतो. मूल्य काढायची वेळ आल्यावर व्हेरिएबल सापडत नाही आणि हातात काहीच उरत नाही. आता प्रत्येक व्हेरिएबलला कंसातच पर्यायी रंग देतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात सभासदांना पान दाखवलं. एक आजोबा स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी क्रोममध्ये अक्षरांचा आकार ‘खूप मोठा’ ठेवलाय. म्हणाले, ‘बाकी साइटवर मोठं दिसतं, तुमच्याच साइटवर दिसत नाही.’ त्यांची सेटिंग त्यांच्यासाठी सीएसएसच आहे, आणि तेही लागत नव्हतं.

एचटीएमएल टॅगला १४ पिक्सेल बांधून ठेवले होते. क्रोममध्ये ‘खूप मोठा’ म्हणजे २४ पिक्सेल, पण मुळातच पिक्सेलमध्ये आकार ठोकला की ती निवड वाया जाते. ती ओळ काढली, सगळे आकार रेममध्ये, म्हणजे पानाच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत, नेले. त्यांच्या लॅपटॉपवर पान परत उघडलं. मेन्यू एका ओळीत मावेना, दोन ओळींत गेला. त्याला उंची बांधलेली होती, तीही सोडवली. या दुरुस्तीला लागलेला वेळ पट्टीच्या रंगापेक्षा जास्त मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सर्व्हरवर शेवटची आवृत्ती चढवली. नेटवर्क, कन्सोल, दोन फोन, मॅडमचा संगणक. वहीतल्या सगळ्या तक्रारींसमोर मॅडमनी बरोबरची खूण केली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल कार्यक्रमात पान दाखवलं. समोर बसलेल्या एका बाईंनी ग्रंथसूचीच्या शोधात ‘दऱ्या’ असा शब्द टाकायला सांगितला, त्यांना सह्याद्रीवरची पुस्तकं हवी होती. एकही निकाल आला नाही. मॅडमना माहीत होतं की पुस्तकं आहेत.

आज सकाळी बघितलं. सूचीतल्या शीर्षकांत र आणि जोडक, शोधाच्या खिडकीत ऱ. कऱ्हाड, वाऱ्या, गिऱ्हाईक, सगळ्यांचं तेच. १० तारखेला विभागाच्या नावात जे सापडलं ते सबंध ग्रंथसूचीत पसरलेलं आहे. त्या दिवशी लिहिलेला बदलाचा नियम आहे तयार, तो सूचीच्या प्रतीवर चालवला आणि शोधाच्या शब्दालाही तोच लावला. ‘दऱ्या’ टाकल्यावर पुस्तकं आली. मूळ सूचीवर चालवण्याआधी मॅडम सोमवारी बदललेल्या शीर्षकांची यादी डोळ्यांखालून घालणार आहेत. इंटर्न ती यादी आज काढून ठेवतोय, जुनं रूप, नवं रूप आणि दाखल क्रमांक अशा तीन रकान्यांत.